खाऊबरोबर आलेले खेळाडू

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये दहा येनांना कोबाइ कॅरमेलचं एक छोटं खोकं मिळायचं. आत कॅरमेलच्या वड्या आणि एक कार्ड. कार्डावर तोक्योच्या योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघातला एखादा खेळाडू. मैदानावरच्या नऊ जागांचे नऊ खेळाडू आणि त्यांच्या जोडीला संघाचे मॅनेजर शिगेरु मिझुहारा, असा अख्खा संघ जमवायचा, तो परत द्यायचा आणि बदल्यात बक्षीस म्हणून बेसबॉलचं साहित्य घ्यायचं, अशी योजना होती. खेळाडू बऱ्यापैकी निघायचे. मिझुहारा मात्र निघता निघायचे नाहीत. नऊ जण हातात आहेत आणि मॅनेजरसाठी खोक्यामागून खोकं फोडणं चालू आहे, अशी त्या काळातल्या असंख्य मुलांची अवस्था होती.

खाद्यपदार्थांबरोबर आलेली जपानी बेसबॉल कार्डं आज इतकी दुर्मीळ का, याचं निम्मं उत्तर या योजनेतच आहे. पूर्ण झालेला संच घरात राहतच नसे, तो परत जाई. घरात उरायची ती अर्धवट संचांतली कार्डं आणि एकाच खेळाडूची दोन-दोन, तीन-तीन कार्डं. जे कार्ड सर्वांत कमी निघायचं, त्याच कार्डाने संच पूर्ण व्हायचा, म्हणजे तेच हमखास परत जायचं. नाणी किंवा टपाल तिकिटं जमवणाऱ्याला ठाऊक असतं की कमी छापलेली वस्तू दुर्मीळ ठरते. इथे त्याच्या जोडीला दुसरं कारण काम करत होतं. ही कार्डं वापरून संपवण्यासाठीच जन्माला आली होती आणि मुलांनी ती चोख वापरून संपवली.

कोबाइने जायंट्सचाच संघ निवडला, त्यालाही कारण होतं. जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल लीग 1936 मध्ये सुरू झाली, युद्धात ती थांबली आणि युद्धानंतर लगेच पुन्हा उभी राहिली. 1950 मध्ये तिच्या सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग झाल्या. बेचिराख शहरांत मोकळ्या पडलेल्या जागांवर मुलं चिंध्यांचे चेंडू करून खेळत होती. जायंट्सचा तेत्सुहारु कावाकामी हा तेव्हा मुलांच्या गळ्यातला ताईत होता. 1951 मध्ये हवाईहून आलेल्या वॉली योनामिनेने या वेडात भर घातली. खरा चामड्याचा ग्लोव्ह बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा होता आणि गोड खायला मिळणं हीसुद्धा नवलाईच होती. त्या दिवसांत दहा येनांच्या खोक्यात साखर, लाडका खेळाडू आणि ग्लोव्हची आशा अशा तिन्ही गोष्टी एकदम मिळत होत्या. कार्डांच्या नादाने मुलं दुकानांतून कॅरमेल चोरू लागल्याच्या तक्रारी झाल्या. पालक आणि शिक्षक वैतागले. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही कंपनीही बाजारातून नाहीशी झाली.

खाऊबरोबर काहीतरी देण्याची रीत मात्र कोबाइच्या आधीची. 1922 मध्ये ओसाकाच्या बाजारात ग्लिको कॅरमेल आलं. त्याचे जनक रिइची एझाकी यांची ठाम समजूत होती की खाणं आणि खेळणं ही मुलांची दोन मुख्य कामं आहेत आणि ती एकत्रच करायला हवीत. आधी खोक्यात चित्रांची कार्डं आली, पुढे छोटी खेळणी. ग्लिकोचं नावही खाण्यातूनच आलं आहे: कालवांच्या शिजवणीतल्या ग्लायकोजेनवरून. एका वडीत 300 मीटर धावण्याची ताकद, ही त्यांची जाहिरात आजही जपानमध्ये लहानथोरांना पाठ आहे.

युद्धानंतर ओकायामाच्या काबाया कंपनीने याच कल्पनेला एक सुंदर वळण दिलं. 1952 पासून काही वर्षं त्यांच्या कॅरमेलच्या खोक्यात गुणांची कार्डं येत. पन्नास गुण जमले की एक पुस्तक मिळे, तेही पुठ्ठा बांधणीचं, जगभरच्या गोष्टींचं. पहिलं पुस्तक सिंड्रेलाचं होतं. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांत या मालिकेने पहिलं पुस्तक पोचवलं. ओकायामाच्या प्रांतीय ग्रंथालयाने ती पुस्तकं जपून ठेवली आहेत. बेसबॉलशी यांचा थेट संबंध नाही, पण कार्डांच्या आमिषाबद्दल बोलताना ही बाजूही नोंदवायलाच हवी. एकाच युक्तीने एका कंपनीने मुलांना चोरीपर्यंत नेलं आणि दुसरीने वाचनापर्यंत.

पुढे काबाया बेसबॉलकडेही वळली. 1967 मध्ये लीफ या अमेरिकी च्युइंगगमच्या नावाशी जोडलेली काबाया-लीफ मालिका निघाली. तिची मांडणी अमेरिकी कार्डांच्या धर्तीवर होती. जपानी कार्डांचा संग्रह करणाऱ्यांमध्ये हा संच आजही अत्यंत अवघड मानला जातो. एखादं सुटं कार्ड मिळतं, पण पूर्ण संच जमवता जमवता वर्षं निघून जातात.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर नवशिक्याचा गोंधळ उडतो. जुनी जपानी बेसबॉल कार्डं सगळीच खाण्याबरोबर आलेली नाहीत. मेन्को हा जाड पुठ्ठ्याच्या कार्डांचा खेळ आहे. आपलं कार्ड जमिनीवर जोरात आपटायचं आणि त्याच्या हवेने समोरच्याचं उलटं पाडायचं. त्यावर खेळाडूंची चित्रं असत, शिवाय दगड-कागद-कात्रीची खूण आणि लांबलचक आकडे असत, म्हणजे त्यावरून आणखी दोन खेळ खेळता येत. ब्रोमाइड म्हणजे खेळाडूंची छोटी छायाचित्रं. हे दोन्ही प्रकार गल्लीतल्या खाऊच्या दुकानात, ज्याला जपानमध्ये दागाशिया म्हणतात, तिथे मिळत. पण ते खाऊशेजारी मिळत, खाऊबरोबर नाही. मेन्को मुद्दाम टिकाऊ बनवलेला असे, कारण त्याला मार खायचा असे. कॅरमेलच्या खोक्यातलं कार्ड पातळ, लहानखुरं. त्याला मार खायचा नव्हता, पण टिकायचंही नव्हतं.

मग आली काल्बी. आज जपानी बेसबॉल कार्ड म्हटलं की पहिलं नाव हेच येतं.

काल्बीचा जन्म 1949 मध्ये हिरोशिमात झाला. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहरात ताकाशी मात्सुओ हे कोंडा आणि रानपाल्यासारख्या फेकून दिल्या जाणाऱ्या गोष्टींतून पोटभरीचे पदार्थ करायच्या खटपटीत होते. कॅल्शियम आणि ब जीवनसत्त्व यांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव झालं काल्बी, कारण त्या काळातल्या मुलांमध्ये याच दोन गोष्टींची कमतरता होती. 1964 मध्ये सेतो समुद्रातल्या छोट्या कोळंब्यांपासून त्यांनी काप्पा एबिसेन हा कुरकुरीत पदार्थ काढला आणि तो देशभर पोचला.

1971 मध्ये दूरदर्शनवर कामेन रायडर ही मालिका सुरू झाली. मुखवटा घातलेला नायक, मोटरसायकल, राक्षस. काल्बीने त्या वर्षाच्या अखेरीस वीस येनांचा कामेन रायडर स्नॅक आणला आणि प्रत्येक पुड्यामागे एक कार्ड दिलं. एकूण 546 प्रकारची कार्डं निघाली. मुलं पुडे डझनांनी विकत घेऊ लागली, कार्ड तेवढं घेऊन खाऊ तसाच टाकू लागली. गटारांत, बागांत, दुकानाच्या दाराशी न फोडलेल्या पुड्यांचे ढीग दिसू लागले. ज्यांनी युद्धानंतरची उपासमार सोसली होती, त्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर हे घडत होतं. वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. भुकेल्या शहरात टाकाऊतून अन्न करायला निघालेल्या माणसाच्या कंपनीचा माल मुलांनी अन्न म्हणून नाकारला, ही गोष्ट मला फार बोचते. पोट भरायला लागलेल्या समाजाचं हे पहिलं आजारपण होतं.

1973 मध्ये काल्बीने त्याच वाटेने बेसबॉलकडे मोर्चा वळवला आणि प्रो याक्यू स्नॅक बाजारात आणला. वेळ अचूक साधली होती. जायंट्स 1965 पासून सलग जपान सिरीज जिंकत आले होते आणि त्याच वर्षी त्यांनी सलग नववी जिंकली. काल्बीच्या पहिल्या मालिकेत क्रमांक 1 वर शिगेओ नागाशिमा आहे. दुसरं कुणी त्या जागी येणं शक्यच नव्हतं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1974 रोजी नागाशिमा निवृत्त झाला. 3 जून 2025 रोजी वयाच्या 89 व्या वर्षी तो गेला, तेव्हा अर्धशतकापूर्वीची ही कार्डं पुन्हा लोकांच्या बोलण्यात आली.

1970 च्या दशकातलं काल्बीचं कार्ड हातात घेतलं तर पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं छायाचित्र. कार्डाला पांढरी चौकट नाही, चित्र थेट कडेपर्यंत गेलेलं. नुसता बॅट धरून उभा खेळाडू नाही. धूळ उडवत बेसकडे घसरणारा, झेल घेऊन कोसळलेला, सहकाऱ्यांनी वेढलेला, असा एखादा क्षण पकडलेला असतो. मागे क्रमांक असतो आणि त्या सामन्याबद्दल, त्या फटक्याबद्दल चार-पाच ओळींचा मजकूर. म्हणजे एकेक कार्ड ही त्या हंगामातली एकेक छोटी बातमी आहे. कार्डं मालिकेनुसार हंगामभर निघत राहायची, त्यामुळे एका वर्षाची सगळी कार्डं क्रमाने लावली तर तो हंगाम डोळ्यांसमोरून जातो. मला या कार्डांचं खरं मोल यात वाटतं. अमेरिकी कार्डाच्या मागे आकड्यांचं कोष्टक असतं, इथे गोष्ट असते.

पण कडेपर्यंत गेलेल्या त्याच चित्राने संग्राहकांचा घात केला आहे. कार्डाची कड जराशी घासली तरी आतला पांढरा कागद डोकावतो आणि गडद चित्रावर तो लगेच दिसतो. त्यातून ही कार्डं मुलांच्या हातातली. रबरबँडने बांधलेली, वहीत डिंकाने चिकटवलेली, मागे पेन्सिलीने नाव लिहिलेली. कोपरे शाबूत असलेलं 1970 च्या दशकातलं कार्ड दिसलं तर त्यामागे एखादं फार टापटिपीचं मूल होतं किंवा एखाद्या दुकानदाराचा न विकला गेलेला माल होता, असं समजावं.

काल्बीची संख्याही थक्क करणारी आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हजाराहून जास्त कार्डं काढली. जायंट्सची, त्यातही नागाशिमा आणि सादाहारु ओ यांची कार्डं भरमसाट. ओने 3 सप्टेंबर 1977 रोजी कोराकुएन मैदानावर 756 वा होमरन मारून अमेरिकेच्या हँक एरनचा विक्रम मोडला आणि पुढे 868 वर कारकीर्द संपवली. त्या दिवसांत पुड्यातून ओ निघावा, ही प्रत्येक मुलाची इच्छा असे आणि कंपनीही ती ओळखून होती. याचा उलटा परिणाम आज दिसतो. ओची कार्डं मुलांनी जपली, त्यामुळे ती महाग असली तरी मिळतात. पॅसिफिक लीगमधल्या एखाद्या फारशी चमक नसलेल्या संघाचा साधा खेळाडू मात्र सापडत नाही, कारण त्याला जपावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

दुसरी अडचण प्रदेशाची. काल्बीच्या काही मालिका देशभर गेल्याच नाहीत, त्या ठरावीक भागांतच विकल्या गेल्या. खाऊ हा शेवटी गोदामातून, टेंपोतून, गावोगावच्या दुकानांत जाणारा माल. ज्या शहरात जो संघ लाडका, तिथे त्या संघाची कार्डं पाठवणं व्यापाराला धरूनच होतं. तोक्योतल्या मुलाने जी कार्डं कधी पाहिलीच नाहीत, ती हिरोशिमातल्या किंवा नागोयातल्या मुलाच्या खणात होती. हिरोशिमा कार्प हा युद्धानंतर नागरिकांच्या वर्गणीवर तगलेला संघ. 1951 मध्ये तो बुडायला आला तेव्हा मैदानाच्या दाराशी साकेची पिंपं ठेवून लोकांकडून पैसे गोळा केले गेले. त्या संघाने 1975 मध्ये पहिल्यांदा सेंट्रल लीग जिंकली. काल्बीही हिरोशिमाचीच. त्या वर्षीच्या कार्पच्या कार्डांशी त्या शहराचं नातं किती घट्ट असेल, याची कल्पना करता येते.

आता कायद्याकडे येऊ, कारण तो या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे. 1960 मध्ये जपानमध्ये गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत घोड्याचं आणि व्हेलचं मांस निघालं आणि ग्राहकांच्या फसवणुकीवर गदारोळ झाला. शिवाय कंपन्या बक्षिसांच्या आमिषाने माल खपवत होत्या. 1962 मध्ये अवाजवी बक्षिसं आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती यांना आळा घालणारा कायदा आला. त्याखालच्या नियमांत एक पद्धत सरसकट निषिद्ध आहे: वेगवेगळी कार्डं किंवा चित्रं जमवून ठरलेला संच पूर्ण करणाऱ्याला बक्षीस देणं. कोबाइ कॅरमेलने नेमकं हेच केलं होतं. बक्षीस छोटं की मोठं, याला इथे महत्त्व नाही.

ही बंदी इतकी कडक असण्यामागे साधं गणित आहे. दहा प्रकारची कार्डं सारख्याच प्रमाणात मिसळलेली असली, तर पहिलं खोकं फोडताना नवं कार्ड हमखास मिळतं. नऊ जमल्यावर दहावं मिळण्याची शक्यता दहात एक उरते. सरासरीने पाहिलं तर दहाचा संच पूर्ण व्हायला एकोणतीसच्या वर खोकी लागतात आणि त्यांतली दहा एकट्या शेवटच्या कार्डापायी जातात. हे सगळं प्रमाण सारखं असताना. मॅनेजरचं कार्ड मुळातच कमी घातलं असेल तर हा आकडा कुठच्या कुठे जातो. मुलाला मात्र वाटत असतं की आपलं नव्वद टक्के काम झालं, आता थोडंच राहिलं. ही चूक मुलांपुरती नाही, मोठी माणसंही ती करतात.

काल्बीने म्हणूनच वेगळी वाट धरली. पुड्यातून क्वचित एक लकी कार्ड निघतं, ते कंपनीला पाठवलं की कार्डं ठेवायचा अल्बम मिळतो. एका कार्डावर मिळणारं बक्षीस ही सोडत झाली, संच जुळवणं नव्हे, आणि सोडत मर्यादेत चालते. पण संग्राहकाच्या दृष्टीने कोबाइचीच कथा इथे पुन्हा घडते. लकी कार्ड जो परत पाठवेल त्याच्याकडे ते उरत नाही. म्हणून कुणीतरी पाठवायला विसरलेलं जुनं लकी कार्ड आणि त्याच्या बदल्यात आलेला अल्बम, या दोन्ही गोष्टी आज संग्रहाच्या वस्तू आहेत.

1985 मध्ये लोट्टे कंपनीच्या बिक्कुरिमान चॉकलेटमधून देवदूत आणि सैतानांचे स्टिकर आले, तेव्हा कामेन रायडरच्या वेळचाच प्रकार झाला. तीस येनांचं चॉकलेट कचऱ्यात आणि चकाकता स्टिकर खिशात. काही स्टिकर मुद्दाम कमी घातले जात होते. 1988 मध्ये जपानच्या न्याय्य व्यापार आयोगाने कंपनीला हे प्रमाण सारखं करायला सांगितलं. मग 2012 मध्ये मोबाइल फोनवरच्या खेळांची पाळी आली. पैसे देऊन आभासी कार्डं काढायची आणि ठरलेला संच जुळला की खास कार्ड मिळायचं. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने स्पष्ट केलं की हीच ती जुनी, निषिद्ध पद्धत आहे. सहा मोठ्या कंपन्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यातली एक होती डीएनए. याच कंपनीने जेमतेम काही महिन्यांपूर्वी, 2011 च्या अखेरीस, योकोहामाचा बेसबॉल संघ विकत घेतला होता. ऑगस्ट 2025 मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या जपानमधल्या दुकानांत मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉन कार्डं दिली गेली, तेव्हा कार्डं विकून नफा करणाऱ्यांनी जेवणं ढिगांनी घेतली आणि अन्न टाकून दिलं. कंपनीला माफी मागावी लागली. इथे टाकणारी मुलं नव्हती, मोठी माणसं होती, आणि ती हौसेपोटी नव्हे तर नफ्यापोटी टाकत होती. कामेन रायडरच्या वेळेपेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं.

खाणं आणि बेसबॉल यांची जोडी जपानमध्ये कार्डांच्या पलीकडेही जाते. तिथले संघ शहरांच्या नावापेक्षा मालक कंपनीच्या नावाने ओळखले जातात. 1974 मध्ये बारापैकी चार संघ खाद्यपदार्थांच्या कंपन्यांचे होते: ताइयो ही मासेमारी कंपनी, जिच्या संघाचं नावच व्हेल्स होतं, आंबवलेल्या दुधाचं पेय करणारी याकुल्त, च्युइंगगमची लोट्टे, आणि मांसाचे पदार्थ करणारी निप्पॉन हॅम. डीएनएने घेतलेला संघ म्हणजे याच व्हेल्सचा वारस. लोट्टेने 1989 मध्ये च्युइंगगमबरोबर स्वतःची बेसबॉल कार्डंही काढली.

मालकांच्या या अदलाबदलीचा संग्राहकाला मोठा उपयोग होतो. जुन्या कार्डांवर बहुधा साल नसतं, कधी कधी ती काढणाऱ्या कंपनीचं नावही नसतं. मग गणवेश पाहावा लागतो. फुकुओकाचा लायन्स संघ 1972 पर्यंत निशितेत्सु या रेल्वे कंपनीचा होता. मग 1973 ते 1976 ताइहेइयो क्लब, 1977 आणि 1978 क्राउन लायटर, आणि 1979 पासून तो साइतामाला जाऊन सेइबु झाला. फ्लायर्स संघ 1972 पर्यंत तोएइ या चित्रपट कंपनीचा होता. 1973 हे एकच वर्ष तो निट्टाकु होम या नावाने खेळला आणि 1974 पासून निप्पॉन हॅम फायटर्स झाला. त्या एकुलत्या एका वर्षातल्या दुसऱ्या सत्रात निट्टाकु होमने सात वेगवेगळे गणवेश वापरले. त्या गणवेशातला खेळाडू दिसला की छायाचित्राचं साल नक्की. याहून सोपं उदाहरण कात्सुया नोमुरा या महान कॅचरचं. तो 1977 पर्यंत नानकाइत, 1978 चं एक वर्ष लोट्टेत आणि मग दोन वर्षं सेइबुत होता. लोट्टेच्या गणवेशातला नोमुरा म्हणजे छायाचित्र 1978 चं, वाद नको. कार्ड मात्र त्यानंतरचंही असू शकतं, कारण कंपन्या जुनी छायाचित्रं पुन्हा वापरत.

जपानी लिपी न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते. जायंट्सच्या गणवेशावर 1 हा क्रमांक ओचा, 3 नागाशिमाचा, 16 कावाकामीचा. हे तिन्ही क्रमांक संघाने त्यांच्या सन्मानार्थ कायमचे निवृत्त केले आहेत. ओचं आडनाव एकाच अक्षरात लिहितात: तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. एकदा पाहिलं की विसरत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी गॅरी एंगेल यांनी केलेली जुन्या जपानी कार्डांची सूची हा मुख्य आधार आहे. जपानबाहेरचे संग्राहक तिच्या क्रमांकांवरूनच एकमेकांशी बोलतात.

शोधायचं कुठे? तोक्योतल्या जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत खेळांची जुनी मासिकं आणि कार्डं ठेवणारी दुकानं आहेत. नाकानो ब्रॉडवे या इमारतीत मांदाराकेसारखी जुन्या खेळण्यांची दुकानं आहेत. बाकी बहुतेक व्यवहार ऑनलाइन लिलावांतून होतो. बरेच जपानी विक्रेते परदेशी माल पाठवत नाहीत, म्हणून तिथे आपल्या वतीने बोली लावून, माल घेऊन पुढे रवाना करणाऱ्या मध्यस्थ सेवा आहेत. त्यांचं शुल्क, टपाल आणि आपल्याकडची जकात मिळून कधी कधी कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होतं, तेव्हा दोन-तीन वेळच्या खरेद्या एकत्र मागवणं शहाणपणाचं. मुंबई-कोकणात राहणाऱ्याने पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी. पातळ कागदाची कार्डं दमट हवेत वाकतात, आणि स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवली तर चिकटतात. पॉलिप्रॉपिलिनची पाकिटं आणि बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, इतकं पुरतं.

काल्बीची कार्डं आजही निघतात. 1991 मध्ये बेसबॉल मासिक काढणाऱ्या प्रकाशन संस्थेने बीबीएम ही नुसत्या कार्डांची पाकिटं आणली, खाऊ नाही, खेळ नाही, फक्त कार्डं. तेव्हा मोठी माणसं तिकडे वळली. मुलं अजून वेफर्सच्या पुड्याकडेच जातात. 22 ग्रॅम खारे बटाटा वेफर्स, पुड्याच्या पाठीला चिकटवलेलं अपारदर्शक छोटं पाकीट, आत दोन कार्डं. ते पाकीट सोलून काढताना पुड्याचा थोडा रंग त्याला लागून येतो. वर्षाला साधारण तीन मालिका, साधी कार्डं, सोनेरी स्वाक्षरी असलेली खास कार्डं, आदल्या वर्षीच्या विक्रमवीरांची कार्डं आणि यादीची कार्डं. 1970 च्या दशकात ही यादी नव्हती. त्यामुळे त्या काळातल्या मालिकांच्या याद्या संग्राहकांनीच कार्डावर कार्ड ठेवून बनवल्या आहेत आणि कॅरमेलच्या काळातल्या लहानसहान कंपन्यांच्या याद्या तर अजून अपुऱ्या आहेत. एखाद्या गावातलं जुनं घर रिकामं करताना खणातून कार्डांचा गठ्ठा निघतो, त्यात कुणाच्याच यादीत नसलेला एखादा खेळाडू असतो आणि सूचीच्या पुढच्या आवृत्तीत एका ओळीची भर पडते.